सूचनाकाकांची जनजागृती

संस्थेच्या बाई चहाचा पहिला घोट घेऊन म्हणाल्या, "खरं सांगायचं तर आमची संस्था कोणाला माहीतच नाही," आणि तिथेच घात झाला. त्यांना पुढे काहीतरी बोलायचं होतं. पण 'कोणाला माहीत नाही' एवढं कानावर पडलं की सूचनाकाकांना पुढचं ऐकायची गरज उरत नसे. लोकांना एखादी गोष्ट माहीत नाही ही कल्पनाच त्यांना सहन होत नसे. म्हणून तर कॉलनीने त्यांचं मूळ नाव विसरून त्यांना हे नाव दिलं होतं.

जिन्याखालचा काळा फळा ही काकांची जहागीर. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाल्यापासून तो एकही दिवस कोरा राहिला नव्हता. 'पंप दुपारी बंद राहील.' 'जिन्यात सायकली लावू नयेत.' 'जिन्यात सायकली लावू नयेत ही सूचना ज्याने पुसली त्याने स्वतःहून पुढे यावे.' कोणी पुढे येत नसे, पण काकांना त्याचं काही नव्हतं. सूचना दिली की आपलं कर्तव्य संपलं, पुढचं समाज बघून घेईल, असा त्यांचा खात्यातला जुना शिरस्ता होता.

बाई म्हणजे काकूंची शाळेतली मैत्रीण. त्यांची संस्था काय करते ते त्यांनी थोडक्यात सांगितलं. अनाथ मुलांच्या वसतिगृहात अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत राहता येतं. त्यानंतर बाहेर. काल मूल होतं, आज नागरिक झालं, उचला पेटी. अशा मुलामुलींना बाईंची संस्था एखादं घर शोधून देई. जास्तीची खोली असलेलं साधं कुटुंब, वर्ष-दोन वर्षांसाठी, पोरं पायावर उभी राहीपर्यंत.

"आत्ता एक मुलगी आहे," बाई म्हणाल्या. "चष्म्याच्या दुकानात नोकरी करते. गुणी आहे, जरा तोंडाळ आहे. महिनाअखेर तिला वसतिगृह सोडायचंय आणि घर काही मिळत नाहीये. जागा नाही मिळाली तर परगावी कोणाच्या तरी ओळखीने जावं लागेल, म्हणजे नोकरी गेली. म्हणून म्हटलं, आज तुमच्याकडे येऊन—"

"जनजागृती," काका म्हणाले.

"अं?"

"जनजागृती करायला हवी. तुमचं दुखणं माझ्या लक्षात आलं. काम चांगलं आहे, पण सूचना नाही. आता तुम्ही निर्धास्त राहा."

काकूंनी मैत्रिणीकडे पाहिलं. मैत्रिणीने बशीकडे पाहिलं. काका तोवर कागद शोधायला उठलेही होते.

दुसऱ्याच दिवशी कॉलनीच्या समितीची बैठक भरली. समितीत मुख्यतः अध्यक्ष होते. त्यांचं लाकडी फर्निचरच्या व्यापारात आयुष्य गेलं होतं आणि कुठल्याही विषयावर ते आधी हात फिरवून बघितल्यासारखं बोलत. त्यांच्या शेजारी वकील बसले. वकील निवृत्त होते, पण त्यांची शंका अजून नोकरीत होती.

"उत्तम काम," अध्यक्ष म्हणाले. "गेटवर मोठा फलक लावू. लहान फलक पन्नास करू, रस्तोरस्ती लावू. समितीचा उल्लेख असावा."

"असणारच," काका म्हणाले.

"नावासकट."

"आणि खाली लिहा," वकील म्हणाले, "की सदर फलकामुळे कोणतेही दायित्व उत्पन्न होत नाही. उद्या कोणी म्हणेल, तुम्हीच बोलावलंत."

"पण आपण बोलावतोच आहोत ना?"

"बोलवा. पण दायित्व उत्पन्न होऊ देऊ नका."

संपर्कासाठी कोणाचा फोन द्यायचा यावरही चर्चा झाली. संस्थेचा फोन निम्मा वेळ बंद असतो असं काकांनी सांगितलं. मग एखादा जबाबदार माणूस हवा, असं सर्वांचं मत पडलं. बोलता बोलता सगळे काकांकडे बघू लागले आणि काका विनयाने खाली बघू लागले. असा तो नंबर काकांच्या घरचा ठरला.

मजकूर घेऊन काका पेंटरकडे गेले. पेंटरने तो वाचला, फळी मापली, पुन्हा वाचला.

"काका, वर अध्यक्ष बसले. त्यांच्या खाली समिती बसली. तळाला वकीलसाहेबांचं दायित्व बसलं आणि तुमचा नंबर बसला. मधे एक ओळ उरते. त्यात हा सगळा मजकूर कसा कोंबू?"

"अक्षर बारीक काढा."

"बारीक काढलं तर वाचणार कोण? मग जागृती कसली?"

मुद्दा बिनतोड होता. नावं कमी करणं अशक्य होतं, कारण एक नाव काढलं की त्या घरची वर्गणी, चहापाणी आणि बोलणं तिन्ही बंद. शेवटी मजकूरच कापायचं ठरलं. काकांनी जड अंतःकरणाने एकेक शब्द खोडत आणला. फलक तयार झाला तेव्हा त्यावर मधोमध, ठसठशीत लाल अक्षरांत एवढंच उरलं होतं: 'अठरा पूर्ण झाली? संपर्क साधा.'

आता हा फलक गेटवर लावला, कारण गेट कॉलनीचं. पण लहान फलकांना परवानगी हवी होती. त्यासाठी काका नगरपालिकेच्या कार्यालयात गेले. खिडकीमागचा कारकून चांगला माणूस होता. त्याने काकांना बसायला सांगितलं, एवढंच की बसायला काही नव्हतं.

"कशाबद्दल जागृती?" त्याने विचारलं. "रोगाची असेल तर आरोग्य विभाग."

"रोग नाही."

"आगीची असेल तर अग्निशमन."

"मुलांची आहे."

"मग प्राथमिक शिक्षण. वरच्या मजल्यावर."

"मुलं अठरा वर्षांची आहेत."

कारकून विचारात पडला. अठरा वर्षांच्या माणसासाठी त्याच्याकडे एकच विभाग होता आणि तो निवडणुकीचा. "तसं काही आहे का?" त्याने आवाज खाली आणून विचारलं. काका म्हणाले, तसं काही नाही, या मुलांना फक्त राहायला घर हवंय. त्यावर कारकुनाचा चेहरा खुलला. "मग ते गृहनिर्माण. पण फलक खांबावर लावणार असाल तर वीज, आणि झाडावर लावणार असाल तर उद्यान. झाडावर खिळा मारायचा नाही बरं का. सुतळी बांधायची. सुतळीसाठी वेगळा अर्ज नाही."

काकांनी सगळीकडे हेलपाटे घातले. गृहनिर्माणने उद्यानाचं नाव घेतलं, उद्यानाने विजेचं. आयुष्यभर ज्या माणसाने लोकांना याच सुरात 'उद्या या' म्हटलं, त्याला पहिल्यांदाच उद्या यावं लागत होतं आणि त्याची त्याला फार बोचणी लागली. "आमच्या वेळी असं नव्हतं," असं ते एका शिपायाला म्हणाले. शिपाई म्हणाला, तुमच्याच वेळचा मी, काका, असंच होतं.

परवानगी येईपर्यंत ते पन्नास फलक ठेवायचे कुठे? समितीच्या खोलीत अध्यक्षांच्या दुकानातल्या खुर्च्या होत्या. जिन्यात ठेवावे तर 'जिन्यात काहीही ठेवू नये' ही सूचना खुद्द काकांच्या अक्षरात होती. तेव्हा फलक काकांच्या घरी आले आणि त्यांच्या मुलाच्या खोलीत गेले. शिवाय काकांनी रोज दुपारी बसून पुठ्ठ्यावर हाताने घोषणा रंगवायला घेतल्या. त्याही वाळत त्याच खोलीत पडल्या. मुलाचा पलंग झाकला, टेबल झाकलं, दारामागे थप्पी लागली.

"त्या खोलीत जरा जाता येईल असं ठेवा," काकू म्हणाल्या.

"जायचंय कोणाला?" काका म्हणाले.

काकूंनी वाळलेला पुठ्ठा उचलून बाजूला केला आणि त्याखालची चादर झटकली.

इकडे गेटवरच्या फलकाने काम सुरू केलं होतं. फोन वाजू लागला. पहिला फोन वाहन चालवण्याचा परवाना हवा असलेल्या मुलाचा होता. दुसरा एका दलालाचा. अठरा मजले पूर्ण झाले असतील तर वरचे दोन मजले तो एकरकमी घ्यायला तयार होता. तिसरा फोन मात्र काकांच्या राशीला लागला.

"फलक वाचला," एक घोगरा आवाज म्हणाला. "आमच्याकडे एक आहे. अठरा कधीच पूर्ण झाली."

काकांचा ऊर भरून आला. "हो का? कोण तुमचा तो?"

"मुलगा. दिवसभर झोपतो. कधी घेऊन जाल?"

काकांनी त्यांना संस्थेचं काम नीट समजावून सांगितलं. ज्यांना आईवडील नाहीत अशांसाठी ती आहे, हेही सांगितलं.

"आम्ही असून नसल्यासारखेच आहोत," तो आवाज म्हणाला. "त्यालाच विचारा हवं तर." आणि दर दोन दिवसांनी त्याचा फोन येऊ लागला. मुलगा जेवतो किती, त्याचे गुण कोणते, त्याला कुठली खोली चालेल, ही माहिती काकांना पाठ झाली. खोली हवी म्हणून असे खूप फोन आले. खोली देतो म्हणून एकही आला नाही.

संस्थेच्या बाई मधे एकदा येऊन गेल्या. महिना सरत आला होता. "मुलीचं काही झालं का हो?" काकांनीच त्यांना विचारलं. बाई म्हणाल्या, नाही. पुढे त्या म्हणाल्या, "मी मुळात आले होते ते—" पण काकांनी त्यांना धीर दिला. शेवटचा घाव अजून बाकी होता. कॉलनीच्या सभागृहात जाहीर सभा.

ही सभा अजून कॉलनीच्या तोंडी आहे. प्रमुख पाहुणे म्हणून अध्यक्षांनी आपल्या व्याह्यांना बोलावलं होतं. त्यांचाही फर्निचरचाच धंदा. विषय त्यांना व्यासपीठावर चढताना कळला, पण ते डगमगले नाहीत. आपणही अठराव्या वर्षी घर सोडलं होतं, असं त्यांनी सांगितलं. वडिलांनी मोटारसायकल घेऊन दिली नाही म्हणून. संध्याकाळी ते परत आले होते, पण त्या एका दिवसाने आपल्याला घडवलं, असं त्यांचं म्हणणं पडलं. ते भरपूर वेळ घडत राहिले. मग अध्यक्ष बोलले. मग वकील बोलले आणि या सभेमुळे कोणतंही दायित्व उत्पन्न होत नाही हे त्यांनी स्पष्ट केलं.

चष्म्याच्या दुकानातली ती मुलगी आली होती. तिने अर्धा दिवस रजा काढली होती. कार्यक्रमपत्रिकेत तिचं भाषण छापलेलं होतं, तोवर तिच्याकडे पुष्पगुच्छ देण्याचं काम दिलं होतं. तिने सगळ्यांना गुच्छ दिले. तिची पाळी आली तेव्हा सभागृहाचा रखवालदार किल्ल्या वाजवत दारात उभा राहिला, कारण पुढे एका वाढदिवसाची वेळ होती आणि फुगे दारात येऊन थांबले होते. काकांनी घाईघाईने ठराव मांडला, 'समाजाने पुढे यावे.' तो एकमताने मंजूर झाला आणि समाज बाहेर गेला.

"कार्यक्रम छान झाला," जाताना कोणीतरी काकांचा हात हातात घेऊन म्हणालं. "कशाबद्दल होता?"

सभागृहात टांगलेले पुठ्ठे घरी न्यायचे होते. मुलगी म्हणाली, द्या, मी घेते, नाहीतरी आज माझ्या तोंडाला काम नव्हतं. काका ओशाळले. वाटेत तिने काही विचारलं नाही, फक्त एवढं म्हणाली की तुमच्या चष्म्याची डावी काडी वाकडी आहे, दुकानात या, सरळ करून देते.

घरी आल्यावर ती दोन्ही हातांत पुठ्ठे धरून मुलाच्या खोलीशी गेली आणि पायाने दार ढकललं. दार वीतभर उघडलं आणि अडलं. तिने पुन्हा ढकललं. आत थप्पी सरकल्याचा आवाज आला, पण दार काही हललं नाही.

"काका, मागे काहीतरी आहे."

"फलक आहेत. जरा जोर लाव."

तिने खांदा लावला आणि कशीबशी आत शिरली. हातातला वरचा पुठ्ठा तिने वाचला. काकांच्या सुंदर वळणदार अक्षरात होतं, 'घराचे दार उघडा.' तिने एकदा पुठ्ठ्याकडे पाहिलं, एकदा दाराकडे, आणि तिला हसू आलं. मग तिची नजर खोलीभर फिरली. पलंग, टेबल, पुस्तकांचं रिकामं फडताळ, बंद खिडकी.

"इथे कोण राहतं?"

"मुलगा," काका म्हणाले. "म्हणजे, राहायचा. आता परदेशात असतो."

"मग आता?"

"आता जनजागृती राहते," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

मुलगी आणखी हसली. तिने पलंगावरचे पुठ्ठे नीट रचले, वरच्या पुठ्ठ्याची दुमडलेली कड सरळ केली. "खिडकी छान आहे," ती म्हणाली. "आमच्याकडे माझी खाट दाराशीच आहे. येणारा-जाणारा प्रत्येक जण आपटतो." एवढंच. मागितलं काही नाही. चहा घेतला, चपला घातल्या आणि दोन दिवसांनी परगावी जायचंय, सामान बांधायचंय म्हणून निघून गेली.

काका बराच वेळ सोफ्यावर बसून राहिले. गळ्यात सभेचा बिल्ला होता, त्यावर 'निमंत्रक' लिहिलेलं होतं.

"तुझी मैत्रीण त्या पहिल्या दिवशी कशाला आली होती?" शेवटी त्यांनी विचारलं.

"खोली विचारायला," काकू म्हणाल्या. "दुसरं कशाला येईल ती?"

"मग बोलली का नाही?"

"तुम्ही बोलू दिलंत कुठे."

"तू बोलायचंस."

"मी हो म्हटलं असतं तर तुम्ही नाही म्हटलं नसतं. पण ती पोर माझी पाहुणी म्हणून राहिली असती, तुमच्या मुलाच्या खोलीत. मला तसं नको होतं. म्हटलं, हा माणूस सगळ्या गावाला जागं करतोय, कधीतरी स्वतःपर्यंत पोचेल."

काकांना ते फार लागलं. लागण्याचं कारण त्यांना माहीत होतं. मागच्या वर्षी मुलगा फोनवर म्हणाला होता, बाबा, माझ्या खोलीत काय हवं ते ठेवा, मी आता परत राहायला येणार नाही. काकांनी ते ऐकलं होतं आणि काकूंना सांगितलं नव्हतं. खोली मोकळी ठेवली की आपण ते ऐकलंच नाही असं म्हणता येत होतं. आज ते त्यांनी सांगितलं. काकू म्हणाल्या, मलाही म्हणाला होता. काकांनी डोळ्याला रुमाल लावला. काडी वाकडी असल्याने चष्मा काढताना अडकला.

मग ते उठले आणि खोलीतले फलक बाहेर काढायला लागले.

त्या मुलीला राहायला बोलावल्याची बातमी अध्यक्षांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. ते वकिलांना घेऊनच आले.

"काका, ऐकतोय ते खरं का? बाहेरची मुलगी घरात?"

"बाहेरची कशी? तुम्ही तिच्या हातून पुष्पगुच्छ घेतलात."

"ते वेगळं. जागृती वेगळी आणि आपला जिना वेगळा. आपण समाजाला सांगत होतो."

"दायित्व उत्पन्न होईल," वकील म्हणाले.

"होऊ दे," काका म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्याकडे पुढे सांगायला मोठा मजकूर नव्हता. "ते माझ्याकडे उत्पन्न झालं असं धरा. आणि हे पन्नास फलक तुमच्या दुकानात ठेवा, तुमचंच नाव आहे वर. मला खोली लागणार आहे."

अध्यक्षांना नावाचा फलक नाही म्हणता येईना. ते दोन खेपा घालून फलक घेऊन गेले.

मुलगी आली ती एक पेटी, एक रेडिओ आणि बऱ्याच अटी घेऊन. रेडिओ लावणार, खिडकी उघडी ठेवणार आणि आपले कपडे आपणच धुणार. काकांनी सगळ्याला मान डोलावली. त्या दिवशी त्यांनी फळा पुसला आणि लिहिलं, 'आमच्या घरी एक मुलगी राहायला आली आहे. ज्यांची हरकत असेल त्यांनी चहाला यावे.'

"शेवटचं वाक्य काढा," मुलगी म्हणाली. "सगळे येतील."

काकांनी काढलं नाही. सगळे आले. हरकत सांगण्याऐवजी आपापले चष्मे काढून दाखवू लागले. वकिलांच्या चष्म्याचा स्क्रू ढिला निघाला. तिने तो बसवून दिला आणि वर, पुन्हा सैल झाला तर माझी जबाबदारी नाही, असंही सांगितलं. वकील खूश झाले. अशी भाषा त्यांच्याशी कोणी फार दिवसांत बोललं नव्हतं.

सगळे गेल्यावर काका दमून सोफ्यावर टेकले. आतल्या खोलीत रेडिओ लागला होता, जरा मोठाच, आणि त्याबद्दल फळ्यावर काही लिहावं का हा विचार त्यांच्या मनात येऊन गेला. तेवढ्यात फोन वाजला. मुलगी जवळ होती, तिनेच उचलला.

"हो, फलकावरचाच नंबर," ती म्हणाली. "मुलगा आहे का? दिवसभर झोपतो? कधी नेणार म्हणता?" तिने काकांकडे पाहिलं. काकांनी नकारार्थी मान हलवली.

"नाही हो," ती फोनमध्ये म्हणाली. "आमच्याकडची जागा भरली."